चौफुलीमावशीची चुन्याची डबी

एका जंगलात सगळी झाडं उलटी होती. बुंधा वर, फांद्या खाली. फांद्यांना आणखी बारीक फांद्या, आणि अगदी शेवटी पानांच्या जागी फुगे. द्राक्षाच्या घडासारखे लटकलेले, चिमुकले फुगे. वारा आत आला की फुगे फुगायचे. वारा बाहेर गेला की फुगे बसायचे. दिवसभर हेच चालायचं.

असलं जंगल कुठं असतं, असं विचारू नका. मुलांनो, गोष्टीत मध्ये बोलायचं नसतं. फारच शंका असेल तर छातीवर हात ठेवा आणि गप्प बसा.

फुग्यांच्या आतल्या बाजूला फेस असायचा. साबणाचा असतो तसा, पातळ. तो फेस होता म्हणून फुग्यांच्या भिंती एकमेकींना चिकटत नव्हत्या आणि जंगल उभं होतं. पण आपण कशामुळे उभे आहोत हे बघायला कुणाला वेळ असतो? जंगलातले लोक त्या फेसाला ‘तो ओला पसारा’ म्हणायचे.

त्या ओल्या पसाऱ्यात चौफुलीमावशी राहायची.

मावशी खेकड्याच्या जातीची. फेसात राहणं त्यांच्यात असतंच. पण तिला नांग्या नव्हत्या. चार दिशांना चार हात होते, म्हणून नाव चौफुली. प्रत्येक हाताला तीन बोटं, म्हणजे एकूण बारा, आणि प्रत्येक बोटाच्या टोकाला जीभ. मावशी हात मिळवायची तेव्हा खरं म्हणजे समोरच्याला चाखत असायची. ऐकायला हे बरं वाटत नाही, मला माहीत आहे. पण तुमच्या आईनं भाजी कधी न चाखता वाढली आहे का?

आता चाखायचं काय, ते ऐका. त्या जंगलात प्रत्येकाच्या अंगाला साखरेच्या माळा होत्या. प्रत्येकाच्या. झाडांच्या, अस्वलांच्या, अगदी पुढं येणाऱ्या समितीच्या सभासदांच्यासुद्धा, जरी त्यांची तोंडं बघून तसं वाटत नसे. फरक असायचा तो शेवटच्या मण्यात. जंगलातल्या रहिवाशांच्या शेवटच्या मण्यावर एक इवलीशी टोपी असायची आणि ती चवीला आंबट असायची. आमसुलासारखी. आणि जे भिंत पोखरून घुसतात, घुसून आतलं खातात, त्यांचा शेवटचा मणी उघडा असायचा. गोड, एकदम गोड.

मावशी कुणाला गाव विचारत नसे, आडनाव विचारत नसे. वाऱ्याबरोबर रोज कितीतरी जण यायचे, हिंडायचे, आल्या वाटेनं परत जायचे. त्यांच्याशी तिचं काही भांडण नव्हतं. भिंतीला भोक पाडून जो यायचा, त्याच्यापुढं मात्र ती हात करायची.

यात एक अडचण होती. नुसत्या बोटांना चव कळत नसे. आधी बोटांना चुना लावावा लागे. मावशीच्या कमरेला चुन्याची पितळी डबी असायची. डबी उघडायची, बोटं टेकवायची, जास्तीचा चुना झटकायचा आणि मग हात पुढं करायचा. चुना लागला की बोटं जागी व्हायची. मग गोड लागलं की ती आपोआप मिटायची, मावशीच्या मनात असो वा नसो. आणि एकदा मिटली की फेसात चुना धुतल्याशिवाय उघडत नसत.

बोटं मिटली की मावशी ओरडायची, “गिळब्या, ये रं!”

“आलो मावशी!” असं म्हणत गिळबा यायचा.

गिळबा हे एक अस्वल होतं. फुग्यांतली धूळ खाऊन साफ करणं हे त्याचं एक काम, आणि मावशीनं धरलेलं गिळणं हे दुसरं. नजर जन्मापासून अधू. समोर कोण आहे ते त्याला दिसायचं नाही. मावशीनं धरलेलं नसेल तर, “असंल कुणी पाव्हणं,” म्हणून तो अदबीनं बाजूला व्हायचा. मावशीनं धरलेलं मात्र एका घासात खायचा आणि वर विचारायचा, “मावशी, ह्यो कोण हुता?”

“ते इचारायचं नसतं खाल्ल्यावर,” मावशी म्हणायची.

असं सगळं नीट चाललं होतं. मुलांनो, नीट चाललेली गोष्ट कुणाला बघवत नाही.

त्या वर्षी जंगलाला एक ध्यास लागला. ‘सर्वांत गोड जंगल’ नावाचा पुरस्कार जाहीर झाला होता. तो कोण देणार होतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण तो आपल्यालाच मिळाला पाहिजे यावर एकमत होतं. त्यासाठी अतिथी सन्मान समिती स्थापन झाली. अध्यक्षपदी सरडेअण्णांची निवड झाली, कारण सरड्यांची मान जन्मतःच होकारार्थी हलते. चिटणीस म्हणून साळुंकीबाई आल्या, कारण कुणी बोलवायच्या आधीच त्या आल्या होत्या.

समितीनं पहिल्या आठवड्यात चाळीस फलक लावले. ‘आमचं जंगल, गोड जंगल.’ ‘आंबट चेहरा टाळा.’ ‘पाहुणा आला, आनंद झाला.’ फलक ठोकायला खिळे लागले आणि खिळे फुग्यांच्या भिंतीत मारले गेले. त्यात सहा फुगे फुटले. पण फलक सुरेख होते.

एका सकाळी समिती फलकांची पाहणी करत मावशीच्या फुग्यापाशी आली. आणि नेमकं त्याच वेळी, फुग्याच्या बाहेरून वाहणाऱ्या लाल ओढ्यातून, भिंतीला भोक पाडून, लाघवराव आत आले.

लाघवराव हे एक कृमी होते. लांब, सडपातळ, गुळगुळीत. कुठल्याशा चिखलात ते वाट बघत बसले होते. वरून एक अनवाणी पाय गेला, त्याच्या कातडीतून ते आत शिरले आणि लाल ओढ्यातून पोहत इथवर पोचले. भिंत फोडून आलेला हा गृहस्थ अंगावरचा चुरा झटकत म्हणाला, “अहाहा, किती गोड जागा आहे! दार सापडलं नाही हो, माफ करा.”

साळुंकीबाई विरघळल्याच. “बघा अण्णा, आल्या आल्या माफी मागितली. केवढे संस्कार!”

अण्णांनी मान हलवली.

इकडं मावशीनं डबी उघडली, बोटं टेकवली, झटकली आणि हात पुढं केला. लाघवरावांनीही हसून अंग पुढं केलं. बोटांच्या टोकांना पहिला मणी लागला, दुसरा लागला, शेवटचा लागला. उघडा. गोड. कटकन बाराच्या बारा बोटं मिटली.

“गिळब्या, ये रं!”

“आलो मावशी!”

“चुना लावला!” लाघवराव किंचाळले. “या बाईंनी मला चुना लावला!”

आणि मुलांनो, खरंच लावला होता. त्यांच्या गुळगुळीत, चकचकीत अंगावर बारा पांढरे ठिपके स्पष्ट दिसत होते. असा ढळढळीत पुरावा समितीला याआधी कधी मिळाला नव्हता.

“शी, शी, शी!” साळुंकीबाई म्हणाल्या. “आपल्या जंगलात, पाहुण्याला, दिवसाढवळ्या चुना! सोडा त्यांना. आत्ताच्या आत्ता!”

“बाई, ह्यो ग्वाड लागतोय,” मावशी म्हणाली.

“मग? गोड असणं हा गुन्हा आहे? फलक वाचला नाहीत?”

“ग्वाड लागला म्हंजी पोखरणारा. आंबट लागला म्हंजी आपला.”

“ऐकलंत अण्णा? गोड माणसाला धरायचं आणि आंबटांना सोडायचं! या असल्या विचारांमुळे आपलं जंगल मागं आहे.”

अण्णांनी मान हलवली.

गिळबा तोंड उघडून उभा होता. “मावशी, खाऊ का नको?”

मावशीनं त्याच्याकडं पाहिलं. समितीकडं पाहिलं. हुकूम मोडायची तिला सवय नव्हती. तिच्या आईनं मोडला नव्हता, आजीनं मोडला नव्हता. तिनं फेसात हात बुडवले, खळबळून चुना धुतला, आणि एकेक करून बोटं उघडली.

लाघवराव सुटले. जाताना त्यांनी मावशीला वाकून नमस्कार केला. मला मावशीचा फार राग येतो या ठिकाणी. पण तुम्ही तरी काय केलं असतं, ते सांगू नका. मला माहीत आहे.

पुढं रीतसर चौकशी बसली. साळुंकीबाईंनी प्रश्न विचारले.

“तुम्ही चुना लावता, हे खरं आहे का?”

“व्हय.”

“कबुली. लिहून घ्या.”

“आवो पण बोटाला लावते!”

“बोटाला लावून मग काय करता?”

“पाव्हण्याला बोट लावते.”

“बोटाला चुना, पाहुण्याला बोट. म्हणजे पाहुण्याला चुना. किती वर्षं लावताय?”

“जल्मल्यापास्नं.”

“सराईत,” साळुंकीबाई म्हणाल्या. “आजवर किती जणांना लावला?”

“कुणाला ठाव? जंगल हुभं हाय न्हवं, त्यावरनं समजा.”

हे उत्तर उद्धट ठरलं. चुन्याची डबी जप्त झाली. तिच्यावर लाख ओतून मोहोर उठवली गेली आणि ती समितीच्या कपाटात गेली. मावशीच्या बाराही बोटांना पट्ट्या बांधण्यात आल्या, म्हणजे सवयीनं कुणाला हात लावायला नको.

तेव्हा मावशी पहिल्यांदाच हात जोडून बोलली. चार हात एकदम जोडले की फार दीनवाणं दिसतं.

“बाई, माजी नोकरी जाऊ द्या, पण यवढं ऐका. त्येच्या अंगावरचं ग्वाड सात दिस टिकतं. ही जात लबाड. सात दिसांत ती हितल्याच टोप्या गोळा करती आन आपल्या मण्यांवर चढवती. मग माजी बोटं त्याला आपलाच म्हंतील. माज्या आयनं सांगून ठेवलंय. डबी सात दिसांच्या आत द्या. त्येच्या म्होरं दिली काय, न दिली काय, सारखंच.”

साळुंकीबाईंनी टिपून घेतलं. मग त्या अण्णांच्या कानाशी लागल्या, अण्णांनी मान हलवली, आणि निर्णय वाचून दाखवण्यात आला.

“बाईंनी सात दिवसांची मुदत मागितली आहे. समिती मनानं मोठी आहे. आठ दिवस देण्यात येत आहेत.”



मुलांनो, त्या आठ दिवसांत काय काय झालं ते ऐका. बोटांवर मोजायचं असेल तर मोजा. तुमच्या बोटांना अजून पट्ट्या नाहीत.

पहिल्या दिवशी लाघवरावांचा सत्कार झाला. मावशीनं त्यांना जो मनस्ताप दिला त्याबद्दल जंगलातर्फे क्षमा मागण्यात आली आणि त्यांना एक रिकामा फुगा राहायला देण्यात आला. “इतका मोठा कशाला?” असं म्हणत त्यांनी तो घेतला आणि भिंत पोखरून शेजारचाही त्याला जोडून घेतला.

दुसऱ्या दिवशी मावशीनं डबीसाठी अर्ज केला. बोटांना पट्ट्या असल्यामुळे तो तिनं तोंडी सांगितला आणि गिळबानं लिहिला. गिळबाला दिसत नव्हतं, म्हणून तो तिरपा लिहिला गेला. अर्ज परत आला. शेरा होता: ‘पाहुणे गोड असल्याचा दावा केला आहे, परंतु सोबत चव जोडलेली नाही.’

“मावशी, चव कशी जोडायची असती?” गिळबानं विचारलं.

“बोटानं रं बाबा. आन बोटाला चुना लागतो.”

“मग चुना मागू या.”

“त्येच मागितलाय.”

गिळबानं बराच वेळ विचार केला. त्याला ते काही उलगडलं नाही. जंगलातली सगळ्यांत शहाणी प्रतिक्रिया तीच होती.

तिसऱ्या दिवशी लाघवरावांनी सभेत भाषण केलं. ते म्हणाले, “मी तुमच्यात आलो आणि मला एकच गोष्ट खटकली. आपण सगळे आतून किती गोड आहोत! पण त्या गोडीवर हे आंबट झाकण कशासाठी? कुणाची भीती आहे आपल्याला? मित्रहो, आंबटपणा सोडा. मोकळे व्हा.” लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं चांगलं आपल्याविषयी त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मावशी तर नुसतं चाखून “व्हा म्होरं” म्हणायची.

चौथ्या दिवशी भव्य टोपीदान शिबिर झालं. मांडव घातला होता. शेवटच्या मण्यावरची आंबट टोपी काढून द्यायची, आणि बदल्यात एक केळं, एक बिस्किटाचा पुडा आणि सही-शिक्क्याचं प्रशस्तिपत्र घ्यायचं. पहिली टोपी साळुंकीबाईंनी दिली. फोटो नीट आला नाही म्हणून दुसऱ्या माळेवरचीही दिली. अण्णांना विचारलं तेव्हा त्यांनी मान हलवली, त्यामुळे त्यांच्याही काढल्या. रांग संध्याकाळपर्यंत होती.

जमलेल्या टोप्यांचं पुढं काय झालं, हे कुणी विचारलं नाही. दान दिल्यावर विचारायचं नसतं. लाघवराव मात्र मांडवाच्या मागच्या बाजूला बसून एकेक टोपी आपल्या एकेका मण्यावर चढवत होते. मापात बसत नसेल तर जरा दाबून बसवत होते.

पाचव्या दिवशी फुग्यांतला फेस कमी झाला. लाघवरावांनी आणखी अकरा फुगे जोडून घेतले होते आणि भोकांतून फेस ओघळून जात होता. काही फुग्यांच्या भिंती चिकटल्या. वारा आत येताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला. समितीनं पत्रक काढलं की जंगल आनंदानं शीळ घालत आहे.

शिबिर सहाव्या दिवशीही चालूच होतं. त्या दिवशी गिळबा तिथं गेला.

मावशीनं त्याला बजावलं होतं, “टोपी दिऊ नगंस.” त्यानं “न्हाई देत” म्हटलं होतं. केळ्याला तो बधला नाही. बिस्किटालाही नाही. पण साळुंकीबाईंनी त्याला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, “तुझ्या मावशीचं प्रकरण अडलंय ना? तिच्या बाजूच्या एकानं तरी टोपी दिली, तर समितीचं मन वळेल. डबी मोकळी होईल.”

“खरं?”

“अण्णा, खरं ना?”

अण्णांनी मान हलवली.

गिळबानं सगळ्या टोप्या काढून दिल्या. केळं घेतलं नाही. तो धावत मावशीकडं आला आणि म्हणाला, “मावशी, तुजी डबी येतीया!” काय देऊन आणली ते सांगितलं नाही. आपल्या माणसासाठी केलेलं सांगायचं नसतं, असं त्याला वाटायचं. वेडा होता.

सातवा दिवस मावशीनं फेसाच्या शेवटच्या डबक्यात बसून काढला. संध्याकाळ झाली तशी तिनं वर पाहिलं आणि म्हणाली, “संपलं.”

आठव्या दिवशी, ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी, समितीचा निकाल लागला. चौफुलीमावशी निर्दोष! चौकशीत असं आढळलं होतं की चुना हा चुनाच आहे आणि बाईंचा हेतू वाईट नव्हता. डबी सन्मानानं परत करायची, पट्ट्या सोडायच्या, आणि शाल-श्रीफळ द्यायचं. प्रमुख पाहुणे म्हणून लाघवरावांना बोलावलं होतं. आता त्यांना पाहुणे म्हणणं बरोबर नव्हतं खरं तर. चार दिवसांपूर्वीच त्यांनी ‘मूळ रहिवासी हक्क मंच’ काढला होता आणि जंगलात खरे कोण, उपरे कोण याची पडताळणी झालीच पाहिजे, अशी मागणी लावून धरली होती.

“आणि या पडताळणीसाठी,” साळुंकीबाई ध्वनिक्षेपकातून म्हणाल्या, “चौफुलीताईंच्या अनुभवी बोटांपेक्षा विश्वासार्ह काय असणार? त्यांची बोटं कधीही खोटं बोलत नाहीत!”

टाळ्या झाल्या. लाख फोडली गेली. मावशीनं कितीतरी दिवसांनी डबी हातात घेतली, उघडली, बोटं टेकवली, झटकली. 

पहिले पुढं आले लाघवराव. आता ते बरेच जाड झाले होते. मावशीनं हात पुढं केला. पहिला मणी, दुसरा मणी, शेवटचा मणी.

आंबट. अस्सल आमसूल.

बोटं उघडीच राहिली. मावशीनं पुन्हा चाखलं. पुन्हा आंबट. समोर कोण उभा आहे, हे तिच्या डोळ्यांना लख्ख दिसत होतं. पण तिचं काम डोळ्यांचं नव्हतं.

“बोला ताई, काय लागलं?”

“आंबट,” मावशी म्हणाली.

केवढा जल्लोष झाला! “मी म्हणत नव्हते?” साळुंकीबाई ओरडल्या. “आपलेच आहेत! पहिल्यापासून आपलेच होते!” लाघवरावांनी रुमालानं डोळे टिपले.

दुसरा आला गिळबा. त्याला काही दिसत नव्हतं, पण मावशीचा वास ओळखीचा होता. हसत हसत त्यानं पंजा पुढं केला.

मावशीची बोटं त्याच्या माळेवरून गेली. पहिला मणी. दुसरा. शेवटचा.

उघडा मणी. गोड.

“आरं गिळब्या,” ती हळूच म्हणाली, “काय करून बसलास?”

“बोला ताई, काय लागलं?”

मुलांनो, मावशीनं जन्मात कधी खोटं सांगितलं नव्हतं. तिच्या आईनं नाही, आजीनं नाही. मावशीनं मान ताठ केली आणि सगळ्या जंगलाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “आंबट! आंबट हाय! माजा गिळबा हाय ह्यो!”

पण बोटांना ते कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी आपलं काम केलं. कटकन, बाराच्या बारा मिटली.



“मावशी,” गिळबा म्हणाला, “सोड की. लागतंय.”

“सुटंना रं.” मावशी हात धुवायला फेस शोधत होती. या फुग्यात नव्हता, त्या फुग्यात नव्हता. डबक्याच्या जागी नुसता कोरडा डाग होता. तिनं बोटं भिंतीवर घासली, शालीला पुसली, दातांनी ओढली. ती आणखीच आवळली गेली.

मग गिळबानं विचारलं, अगदी साधेपणानं, पूर्वी विचारायचा तसंच.

“मावशी, तू धरलंस ते मी खातो न्हवं?”

“व्हय रं.”

“मग मला कोण खाणार?”

मावशीनं पुन्हा एकदा बोटं ओढून पाहिली.

“अहो, असं कसं?” लाघवराव रुमाल घडी करून खिशात ठेवत, लगबगीनं पुढं आले. “मी आहे ना. ती जागा आता रिकामीच झाली की नाही?”

अण्णांनी मान हलवली.

गिळबाच्या मागं रांग होती. सगळं जंगल त्या रांगेत उभं होतं, हातात आपापलं प्रशस्तिपत्र घेऊन. सगळ्यांत पुढं, ध्वनिक्षेपक हातात घेतलेल्या साळुंकीबाई होत्या. त्यांच्या डोक्यात पहिल्यांदाच काहीतरी हललं. त्यांनी सावकाश आपल्या शेवटच्या मण्याला हात लावून पाहिला, आणि मग त्या रांगेतून मागं मागं सरकायला लागल्या. पण मागच्यांना आपला नंबर लवकर यावा अशी घाई होती. त्यांनी बाईंना पुढं ढकललं.

तेवढ्यात सगळं जंगल हादरलं. एकदा, दोनदा, मग थांबेचना. खोल खोल कुठून तरी उबळ येत होती. फुगे फाटत होते, फांद्या कडाडत होत्या, चाळीसच्या चाळीस फलक खाली पडत होते.

“ऐका, ऐका!” गर्दीतून कुणीतरी ओरडलं. “आपल्याला पुरस्कार मिळाला! बाहेर टाळ्या वाजतायत!”

तात्पर्य: चुना लावणाऱ्यांपासून सदैव सावध राहावं आणि टोपी घालणाऱ्यांना हार घालावेत. तेवढं जमलं की कुठलंही जंगल गोड होतं. आणि मुलांनो, खोकला आलाच तर घाबरू नका. कुणीतरी आत टाळ्या वाजवत असेल.